खर्जाचा शेजार

खंडेनवमीच्या दिवशीं कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसींत एक निराळीच शांतता नांदते. एरवीं जेथें ओतकामाच्या सांच्यांची आदळआपट, ग्राइंडरची किंकाळी आणि पंख्यांचा घरघराट अखंड चालू असतो, तेथें त्या दिवशीं यंत्रें विसावा घेतात. लेथवर झेंडूच्या माळा चढतात, पान्या-हातोड्यांस हळदकुंकू लागतें, आणि वर्षभर ज्या हातांनीं लोखंड हाताळलें त्याच हातांवर पेढा ठेवला जातो. पूजा आटोपली म्हणजे एखाद्या कारखान्याच्या पटांगणांत संध्याकाळीं गाण्याबजावण्याचा कार्यक्रम ठरतो. कामगार बायकामुलांसह येतात, पत्र्याच्या शेडसमोर व्यासपीठ उभें राहतें, आणि टेंपोंतून काळे, जड, माणसाच्या कमरेइतके उंच खोके उतरूं लागतात. ध्वनिव्यवस्थेच्या धंद्यांत या खोक्यांना नुसतें ‘बेस’ म्हणतात. त्यांचें शास्त्रीय नांव सबवूफर. गाण्यांतील अगदीं खालचा, खर्जाचा स्वर तेवढा निर्माण करणें एवढेंच त्यांचें काम.

असें एक पटांगण श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांसमोर आणावें. व्यासपीठ सुमारें १२ मीटर रुंद आहे. बेसचे खोके चार आहेत. दोन व्यासपीठाच्या डाव्या अंगास व दोन उजव्या अंगास मांडले आहेत. देवळापुढील दोन दीपमाळांप्रमाणें ही मांडणी डोळ्यांस मोठी सुबक दिसते. वाद्यें जुळविलीं जातात, तालीम सुरू होते, आणि पटांगणाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाच्या छातींत खर्ज घुमूं लागतो. तोच माणूस सातआठ पावलें बाजूस सरकला, कीं तो स्वर जमिनींत मुरून जावा तसा नाहींसा होतो. आणखी आठनऊ पावलें पुढें गेल्यावर तो पुन्हां प्रकट होतो. खुर्च्या सारख्या, अंतर जवळजवळ सारखें, गाणारा तोच. पण एका कुटुंबाच्या वांट्यास ढोल येतो आणि शेजारच्या कुटुंबाच्या वांट्यास नुसता झांजेचा झणझणाट. मग तक्रार होते, साउंडवाला आवाज चढवितो, तरीहि रिकामी जागा रिकामीच राहते. शेवटीं आणखी दोन खोके भाड्यानें आणण्याची भाषा निघते. दोष खोक्यांच्या संख्येंत नसून त्यांच्या जागेंत आहे, हें मात्र पुष्कळदां कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

हा प्रकार समजून घेण्यासाठीं खर्जाच्या स्वराचें एक वैशिष्ट्य प्रथम ध्यानांत ठेविलें पाहिजे. तें म्हणजे त्याच्या लाटेची लांबी. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४३ मीटर वेगानें चालतो. ज्या स्वराचीं सेकंदास ३,४०० कंपनें होतात, त्याची एक लाट वीतभरहि नसते. सुमारें १० सेंटिमीटर असते. परंतु ज्या स्वराचीं कंपनें सेकंदास १०० आहेत, त्याची लाट साडेतीन मीटरांच्या आसपास भरते. ५७ कंपनांची लाट ६ मीटर, आणि ४० कंपनांची साडेआठ मीटरांहून किंचित् अधिक. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सुमारें ४१ कंपनांचा असतो. म्हणजे त्या तारेनें हवेंत उठविलेली एकेक लाट एखाद्या मालमोटारीएवढी लांब असते. अशा लाटेला माणूस, खुर्ची, खांब हे अडथळे वाटतच नाहींत. ती त्यांना वळसा घालून पुढें जाते. म्हणूनच लांबून येणाऱ्या मिरवणुकींतील शब्द ऐकूं येण्यापूर्वीं तिचा ढोल ऐकूं येतो.

आतां पंचगंगेच्या घाटावर एखाद्या निवांत सकाळीं उभें राहून संथ पाण्यांत दोन खडे एकाच वेळीं टाकून पाहावें. खडे एकमेकांपासून दूर पडले, तर दोहोंचीं वर्तुळें पसरत जाऊन एकमेकांत शिरतात. जेथें एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या उंचवट्यावर येतो, तेथें पाणी दुप्पट उचललें जातें. जेथें एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर येतो, तेथें पाणी स्तब्ध राहतें. पाण्यावर अशा हलत्या आणि निश्चल पट्ट्यांचा एक पंखाच जणू उघडतो. हेच दोन खडे अगदीं जवळ जवळ पडले, तर मात्र पट्ट्या उमटत नाहींत. एकच मोठा खडा पडावा तसें एकच जोरकस वर्तुळ उठून सर्व दिशांना जातें. लाटांच्या या परस्परसंयोगाचा नियम इंग्लंडांत थॉमस यंग यानें १८०१ च्या सुमारास मांडला. त्याला पदार्थविज्ञानांत व्यतिकरण म्हणतात. यंगनें तो प्रकाशास लावून दाखविला. परंतु पाणी, प्रकाश आणि ध्वनि या तिघांसहि तो सारखाच लागू आहे.

पटांगणांतील दोन बाजूंचे खोके म्हणजे दूर पडलेले दोन खडे होत. मध्यरेषेवर बसलेल्या माणसाला दोन्ही बाजू समान अंतरावर असल्यामुळें दोन्ही लाटा एकाच पावलानें येऊन पोंचतात व त्यांची बेरीज होते. तो बाजूस सरकला कीं एक बाजू जवळ येते व दुसरी दूर जाते. हा फरक अर्ध्या लाटेइतका झाला, म्हणजे एकीकडून दाब येत असतां दुसरीकडून ओढ येते, आणि बेरजेच्या ठिकाणीं वजाबाकी होते. हिशेब करून पाहिला तर ५७ कंपनांचा स्वर व्यासपीठापासून २० मीटरांवरील ओळींत मध्यापासून सुमारें ५.४ मीटरांवर नाहींसा होतो, १२ मीटरांवर पुन्हां भरून येतो, आणि सुमारें २३ मीटरांवर दुसऱ्यांदा लुप्त होतो. हेंहि सर्व स्वरांना एकाच ठिकाणीं घडत नाहीं. त्याच ओळींत ४० कंपनांचा स्वर ८ मीटरांच्या जवळ बुडतो, तर ८० कंपनांचा चार मीटरांच्या आंतच बुडतो. म्हणजे बसण्याच्या प्रत्येक जागीं कोणता ना कोणता स्वर गहाळ! गायनाच्या मैफलींत तंबोऱ्याची एक तार कोणीतरी बोटानें दाबून धरावी, आणि तीहि प्रत्येक श्रोत्यासाठीं निराळी, असा हा प्रकार होय. आवाज चढवून हा दोष जात नाहीं, हेंहि यावरून उघड होतें. कारण दाब आणि ओढ दोन्ही सारख्याच प्रमाणांत वाढतात, आणि वजाबाकी शून्याच्या आसपासच राहते.

यावर उपाय कोणता? खडे जवळ टाकणें, हाच. चारहि खोके व्यासपीठापुढें मध्यभागीं एकमेकांस चिकटून ठेविले, तर पटांगणांतील कोणत्याहि माणसापासून त्यांच्या अंतरांत पडणारा फरक खर्जाच्या लाटेच्या मानानें क्षुल्लक राहतो. अर्ध्या लाटेइतका तो होऊंच शकत नाहीं. व्यवहारासाठीं एक सोपा नियम सांगतां येतो. खोक्यांतून जो सर्वांत वरचा स्वर काढावयाचा, त्याच्या लाटेच्या निम्म्यापेक्षां दोन शेजारी खोक्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर कमी असावें. चौथाईइतकें असल्यास उत्तम. बेसच्या खोक्यांतून सामान्यतः १०० कंपनांपर्यंतचेच स्वर काढले जातात, असें धरलें तर निमी लाट १.७ मीटर आणि चौथाई लाट सुमारें ८५ सेंटिमीटर होते. खोके अंगास अंग लावून ठेविले म्हणजे हें अंतर आपोआप साधतें. त्यासाठीं विशेष यंत्र लागत नाहीं, मोजपट्टी पुरते.

परंतु जवळीकीचा लाभ येथेंच संपत नाहीं. रिकाम्या पट्ट्या नाहींशा होतात हा एक लाभ. दुसरा लाभ याहून नवलाचा आहे. दूरदूर ठेविलेल्या दोन खोक्यांतून मिळून बाहेर पडणारी ध्वनिशक्ति सरासरीनें एका खोक्याच्या दुप्पट असते. तेच दोन खोके जवळ ठेविले, तर ती जवळजवळ चौपट होते. डेसिबलच्या भाषेंत बोलावयाचें तर पहिली वाढ ३ डेसिबलची आणि दुसरी ६ डेसिबलची. वीज दुप्पट खर्चिली आणि ध्वनि चौपट झाला, हें ऐकून हिशेबी माणूस साहजिकच बुचकळ्यांत पडेल. हें जास्तीचें धन कोठून आलें?

याचें उत्तर लाउडस्पीकरच्या रचनेंत आहे. आज सर्वत्र वापरला जाणारा लाउडस्पीकर, म्हणजे चुंबकाच्या फटींत तारेचें वेटोळें आणि त्याला जोडलेला शंकूसारखा पडदा, हा अमेरिकेंत चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं १९२५ मध्यें विद्वानांपुढें मांडला. शंभर वर्षांत त्यांत सुधारणा पुष्कळ झाल्या, पण एक उणीव मुळांतच राहिली. हा पडदा खर्जाच्या संथ गतीनें हलतो तेव्हां हवा त्याच्या पकडींत सांपडत नाहीं. रंकाळ्याच्या पाण्यांत हाताचा तळवा हळूहळू ढकलून पाहिला तर पाणी बोटांच्या कडेनें निसटून मागें येतें, तशीच हवा पडद्याच्या कडेनें निसटते. त्यामुळें विजेच्या शंभर भागांतून ध्वनि होऊन बाहेर पडतात ते थोडे भाग. बाकीचे वेटोळें तापविण्यांत खर्ची पडतात. आतां शेजारीं दुसरा पडदा त्याच तालांत हलूं लागला, तर हवेला निसटण्यास एका बाजूनें मज्जाव होतो. एका पडद्यानें उभा केलेला दाब दुसऱ्याच्या तोंडाशीं येऊन ठेपतो. प्रत्येकाची हालचाल पूर्वींइतकीच, पण तिच्यासमोर आतां अधिक दाबाची हवा उभी असते. म्हणून तीच हालचाल अधिक काम करते. जास्तीचें धन शून्यांतून आलेलें नाहीं. जें उष्णतेच्या रूपानें वायां जात होतें, त्यांतलाच थोडा भाग सार्थकीं लागला, इतकेंच. दोन तळवे एकमेकांस चिकटवून पाणी ढकलणाऱ्या मुलाला हा सिद्धांत हातानेंच कळतो.

याचा अर्थ हिशेबांत मांडला तर असा होतो: जवळ ठेविलेले दोन खोके आणि विखरून ठेविलेले चार खोके एकूण ध्वनीच्या दृष्टीनें बरोबरीस येतात. दोन खोक्यांचें भाडें, त्यांची टेंपोंतील जागा, त्यांना लागणारा अँप्लिफायर आणि जनरेटरचें डिझेल यांची बचत केवळ जागा बदलल्यानें होते. ज्या मंडळांनीं वर्गणीच्या पैशांतून, आणि ज्या छोट्या साउंडवाल्यांनीं कर्ज काढून खोक्यांची संख्या वाढविली आहे, त्यांनीं या बरोबरीचा विचार अवश्य करावा.

तथापि या लाभाला मर्यादाहि आहेत, आणि त्या सांगितल्यावांचून विषय पुरा होत नाहीं. पहिली गोष्ट अशी, कीं ठीक मध्यरेषेवर दोन्ही मांडण्या सारख्याच. दूर ठेविलेले खोकेहि तेथें बेरीजच करतात. म्हणून मध्यावर बसून कान लावणाऱ्या साउंडवाल्यास काहींच बिघडलें नाहीं असें वाटतें, आणि कडेला बसलेल्यांची तक्रार त्याला खोटी वाटते. त्यानें आपली जागा सोडून पटांगणभर एक फेरी मारली पाहिजे. दुसरी गोष्ट अशी, कीं खोक्यांची संख्या वाढत गेली म्हणजे समूहच लाटेएवढा मोठा होतो, आणि मग टोकाच्या खोक्यांना एकमेकांचा शेजार उरत नाहीं. प्रत्येक दुपटीस चौपट मिळत राहील असें मानणें चुकीचें ठरतें. शिवाय लांबच लांब एका ओळींत खोके मांडले तर खर्ज समोर एकवटतो आणि कडांना कमी पडतो. ८ मीटरांच्या ओळींतून ५७ कंपनांचा स्वर समोरच्या रेषेपासून ४९ अंशांवर जवळजवळ लुप्त होतो. यावर टोकांच्या खोक्यांना किंचित् विलंबानें स्वर देण्याची युक्ति योजतात. त्यामुळें सरळ ओळ जणूं धनुष्यासारखी मागें वळली आहे असा परिणाम होतो व ध्वनि रुंद पसरतो. एक मीटर मागें सरकविल्याचा परिणाम साधण्यास सेकंदाच्या हजार भागांपैकीं सुमारें तीन भागांचा विलंब पुरतो.

तिसरी मर्यादा पहिल्या रांगेची. मध्यभागीं एकवटलेल्या खोक्यांपासून ३ मीटरांवर बसलेल्या माणसास, ४८ मीटरांवर बसलेल्या माणसापेक्षां मोकळ्या मैदानांत सुमारें २४ डेसिबल अधिक सोसावे लागतात. कारण अंतर दुप्पट झालें कीं ६ डेसिबल उतरतात, आणि ३ चे ४८ होण्यास चार दुपटी लागतात. पुष्कळ समारंभांत पुढची सतरंजी मुलांसाठीं राखलेली असते. ती तेथून मागें घेणें, एवढी तरी दक्षता यजमानांनीं घ्यावी.

शिरोलीसारख्या ठिकाणीं आणखी एका शेजाऱ्याची गांठ पडते. तो म्हणजे भिंत. कारखान्याची भिंत ध्वनीला आरशासारखी असते. तिच्यापुढें ठेविलेल्या खोक्याचें एक ध्वनिरूप प्रतिबिंब भिंतीच्या पलीकडे तितक्याच अंतरावर उभें राहतें. खोका भिंतीस अगदीं टेकून ठेविला, तर प्रतिबिंबहि त्याचा जवळचा शेजारी होऊन त्याला साहाय्य करतें. परंतु तो भिंतीपासून चौथाई लाटेवर ठेविला, तर प्रतिबिंबाची लाट बरोबर अर्धी लाट मागें राहून समोरच्या बाजूस मूळ लाटेस खोडून काढते. ५० कंपनांच्या स्वरासाठीं हें अंतर सुमारें १.७ मीटर येतें. म्हणजे भिंत व खोका यांमध्यें येण्याजाण्यापुरता बोळ सोडावा असें जें सहज मनांत येतें, नेमकें तेंच! जमीनहि अशीच एक आरसा आहे. म्हणून बेसचे खोके उंच मांडवावर न चढवितां जमिनीवर ठेवणें श्रेयस्कर. आणि पत्र्याच्या शेडविषयीं तर सांगावयासच नको. सैल बसलेला पत्रा एखाद्या खर्जाच्या स्वराला जुळला, कीं तो स्वतःच थरथरूं लागतो, आणि गवयाच्या साथीला न बोलावलेला एक वादक येऊन बसतो. तालमीच्या वेळीं पत्रे व कौलें कोणत्या स्वरास वाजतात तें पाहून तो स्वर थोडा उतरविणें हाच त्यावर इलाज.

जवळीकीचा शेवटचा धोका सर्वांत साधा आणि सर्वांत अधिक आढळणारा आहे. चार खोक्यांपैकीं एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या, म्हणजे धनाच्या जागीं ऋण आणि ऋणाच्या जागीं धन लागलें, तर तीन पडदे पुढें येत असतां चौथा मागें जातो. दूर ठेविलेल्या खोक्यांत ही चूक लपून राहते; जवळ ठेविलेल्या खोक्यांत ती एका चांगल्या खोक्याचें काम बुडविते आणि स्वतःचेंहि करीत नाहीं. दोनच खोके असले तर दोघे मिळून जवळजवळ मुके होतात. परीक्षा सोपी आहे. प्रथम एकच खोका वाजवावा, मग दुसरा चालू करावा. आवाज वाढला तर शेजार जुळला. घटला तर तारा तपासाव्या. घोड्यांच्या जोडीपैकीं एक मागें तोंड करून जुंपला असतां गाडीला काय दोष द्यावयाचा?

हीच विद्या उलट फिरवून एक मोठें हित साधतां येतें, आणि औद्योगिक वसाहतींतील पटांगणास तें विशेष लागू आहे. कुंपणाच्या मागें दुसरा कारखाना असतो. तेथें कदाचित् दुसरी पाळी चालू असते. वसाहतीला लागून शिरोली गांवचीं घरें आहेत. त्यांत आजारी माणसें, परीक्षेस बसलेलीं मुलें असतात. व्यासपीठामागें जाणारा खर्ज त्यांच्या उपयोगाचा नाहीं. अशा वेळीं एक खोका पुढें व दुसरा त्याच्या मागें दीड मीटरांवर ठेवितात; मागच्याला स्वर उलट करून आणि सेकंदाच्या हजार भागांपैकीं सुमारें साडेचार भागांच्या विलंबानें देतात. ५७ कंपनांच्या लाटेस दीड मीटर ही बरोबर चौथाई होय. पुढच्या खोक्याची लाट मागें पोंचते त्याच क्षणीं मागचा खोका तिच्याविरुद्ध लाट सोडतो. मागील बाजूस दोघे एकमेकांना खोडतात आणि पुढील बाजूस एकमेकांना मिळतात. हा लाभ एका स्वरास पूर्ण व त्याच्या आसपासच्या स्वरांस कमीअधिक मिळतो, आणि त्यासाठीं पुढच्या बाजूचा थोडा जोर, विशेषतः अगदीं खालच्या स्वरांचा, सोडून द्यावा लागतो. पण शेजाऱ्याच्या झोपेपुढें तेवढी किंमत जड नव्हे.

कारण याच शास्त्राची दुसरी बाजू कोल्हापूरकरांनीं मिरवणुकींत अनुभविली आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बेसच्या खोक्यांची एक भिंतच रचली जाते. रचणारास सिद्धांत ठाऊक असो वा नसो, सिद्धांत आपलें काम करतो: खोके एकमेकांस चिकटलेले असल्यामुळें ते एकमेकांचें बळ वाढवितात, आणि महाद्वार रोडसारख्या दुतर्फा घरांच्या रस्त्यांत भिंतींचीं प्रतिबिंबें त्यांत भर घालतात. जुन्या वाड्यांचीं तावदानें थरथरतात, आणि पाळण्यांतील मूल दचकून उठतें. या थाटाला महाराष्ट्रांत ‘डॉल्बी’ हें नांव पडलें, यांत दैवाचा मोठा विनोद आहे. रे डॉल्बी या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६५ मध्यें लंडनांत आपली प्रयोगशाळा काढली, ती ध्वनिमुद्रणांतील नको असलेली खरखर कमी करण्यासाठीं! ज्यानें आयुष्य गोंगाट कमी करण्यांत वेंचलें, त्याचें नांव गोंगाटालाच चिकटलें. उत्सव डॉल्बीमुक्त व्हावा म्हणून कोल्हापुरांत पोलीस आणि नागरिक यांनीं वेळोवेळीं खटपट केली आहे. ती समजूतदार मंडळांनीं मानलीहि आहे.

कायद्याचें पाठबळहि आहे. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं औद्योगिक भागांत दिवसा ७५ व रात्रीं ७०, निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५, आणि शांतता क्षेत्रांत दिवसा ५० व रात्रीं ४० डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर लाउडस्पीकर वाजविण्यास बंदी आहे. सणासुदीला राज्य सरकार वर्षांतून जास्तींत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊं शकतें. सर्वोच्च न्यायालयानें १८ जुलै २००५ च्या निकालांत, दुसऱ्याच्या कानांवर आवाज लादण्याचा हक्क कोणासहि नाहीं, हें तत्त्व स्पष्ट केलें.

परंतु या मोजमापांत खर्जापुरती एक पळवाट राहून गेली आहे. वरील सर्व आंकडे ‘ए’ नांवाच्या मापश्रेणीवर घेतले जातात. ही श्रेणी माणसाच्या कानाच्या संवेदनेस अनुसरून, आणि तीहि मंद आवाजाच्या वेळची संवेदना धरून बसविली आहे. म्हणून ती खालचे स्वर फार कमी मोजते. ५० कंपनांच्या स्वरांतून ती सुमारें ३० डेसिबल वजा करते. म्हणजे १०० डेसिबलचा ५० कंपनांचा शुद्ध स्वर समोर घुमत असला, तरी मापकाचा आंकडा ७० च्या घरांत राहील आणि औद्योगिक वसाहतीच्या रात्रीच्या मर्यादेसहि ओलांडणार नाहीं. पत्रा थडथडतो आहे, छाती दणाणते आहे, आणि मापक निर्विकार! याच मापकावर ‘सी’ नांवाची दुसरी श्रेणी असते. ती ५० कंपनांवर एखादाच डेसिबल वजा करते. सुज्ञ यजमानानें दोन्ही आंकडे पाहावे. दोहोंत फार मोठी तफावत दिसली, तर तेथें खर्जाचा अतिरेक चालू आहे असें खुशाल समजावें.

शिरोलीच्या श्रोत्यांच्या बाबतींत हें पथ्य अधिकच पाळणें अगत्याचें आहे. कारखान्यांच्या नियमांत ८ तासांच्या पाळीस ९० डेसिबल ही मर्यादा आहे. आवाज ५ डेसिबलनें वाढला कीं वेळ निम्मी करावी, असा दंडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें करमणुकीच्या ठिकाणांसाठीं २०२२ मध्यें सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊं नये, असें सुचविलें. ओतशाळेंत दिवसभर आदळआपट सोसलेल्या माणसाचे कान संध्याकाळीं विश्रांति मागत असतात. कानांतील ज्या सूक्ष्म केशपेशींमुळें ऐकूं येतें, त्या एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. लोखंडाचा बिघडलेला सांचा पुन्हां ओततां येतो, कान ओततां येत नाहीं. वर्षांतून एक दिवस यंत्रांना विसावा मिळतो, तो त्याच दिवशीं कानांनाहि मिळूं नये काय?

म्हणून पटांगणांतील ती तालीम पुन्हां एकदां डोळ्यांसमोर आणावी. चार खोके दोन टोकांना होते. त्यांतले दोन मध्यभागीं एकमेकांस लावून ठेविले, तारा तपासल्या, मुलांची सतरंजी मागें घेतली. कडेच्या खुर्चीवर बसलेल्या कुटुंबाला ढोल ऐकूं येऊं लागला, आणि मध्यावर बसलेल्यांच्या छातीवरचा भार उतरला. उरलेले दोन खोके कोणी वाजविले नाहींत म्हणून कार्यक्रमांत काहीं उणें पडलें नाहीं. कलेंत जोर हा संख्येनें येत नाहीं, संगतीनें येतो, हें गवई आणि साथीदार पूर्वींपासून जाणतात. आतां तें खोक्यांकडूनहि शिकतां येईल. परंतु संगतीनें जो जोर येतो, तो आवाज आणखी चढविण्यासाठीं खर्चावयाचा, कीं तेवढेंच गाणें निम्म्या सामानांत आणि शेजाऱ्याला त्रास न देतां ऐकविण्यासाठीं, हें मोजपट्टी सांगत नाहीं. तें यजमानानें ठरवावयाचें असतें, आणि तेंहि टेंपो पटांगणांत शिरण्यापूर्वीं.